उभे पाढे

२००४ साली इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या त्या ऑफिसात उदय माझ्या शेजारी बसायचा. तो नागपूरचा, मी पुण्याची, त्यामुळे टोमणे रोजचेच. तेच काम पुन्हा पुन्हा करणारा माझा लांबलचक लूप दिसला की म्हणायचा, "कस्तुरीबाई, प्रोग्रॅम लिहिता की पुराण? एका लाइनीत बसव ना!" मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा तक्ता; तो फिरवायचा, उलटवायचा, तर तो एकाच ओळीत, यात त्याला कोण आनंद! मला भयंकर राग यायचा. आणि त्याच्याशिवाय लंचही घशाखाली उतरायचा नाही.

मार्चमध्ये आमच्या मॅनेजरबाई ॲलिसन म्हणाल्या, बजेट एकाचंच आहे. शुक्रवारच्या डेमोत ज्याचं काम सरस, त्याचं वर्क परमिट रिन्यू होणार. दुसऱ्याने भारतात परत जायचं. त्या दिवसापासून उदयचे टोमणे बंद झाले. तेच मला जास्त लागलं.

शुक्रवारी सकाळी त्याचं सगळं तयार होतं. माझ्याकडे एका ऑफिसच्या इमारतीच्या विजेची तासातासाची नोंद होती, एका लांब रांगेत. तिच्यातला एकेक दिवस एकेका ओळीत मांडायचा होता. लूप फार वेळ खात होता, म्हणून हट्टाने एकाच ओळीत रीशेप, म्हणजे रांगेचा तक्ता करायची आज्ञा, लिहिली. आलेख म्हणे, रात्री दोनला ऑफिस गजबजलेलं! रडूच यायचं बाकी होतं.

उदयने माझ्या स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. मग आपल्याच स्क्रीनकडे बघत पुटपुटू लागला, "बे एके बे, बे दुणे चार..." बोट टेबलावर वरून खाली सरकत होतं.

पाढ्यांच्या पुस्तकात बेचा पाढा वरून खाली संपतो, मग शेजारी तिनाचा सुरू होतो. आम्ही वापरायचो ते सॉफ्टवेअरही आकडे तसेच उभे भरत होतं. आकडे आडवे भरणारी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून आलेली मी ते आडवेच धरून बसले होते. मी एकेका दिवसाच्या चोवीस तासांचे आकडे उभे भरले आणि शेवटी एक ॲपॉस्ट्रॉफी देऊन उभ्याचं आडवं केलं. वीज दुपारी चढली, रात्री उतरली.

परमिट मला मिळालं.

त्याला स्टेशनवर सोडायला गेले. "का सांगितलंस रे?"

"मी कुठे काय सांगितलं? पाढे म्हणत होतो." बॅगा उचलत तो म्हणाला, "आता एकोणतीसचा पाठ कर. नेक्स्ट टाइम मी नसेन."

पाच वर्षं झाली. ती ओळ अजून चालते. शेजारी आता एक गुणी मुलगी बसते, कधी टोमणा मारत नाही. उदयची फार आठवण येते. एकोणतीसचा पाढा मी अजून पाठ केलेला नाही.