गालातली गोळी

"आ करा बघू."

किल्लीवाल्याने आ केला. जीभ बाहेर काढून दाखवली, वर करून दाखवली.

"गिळली?"

"गिळली गं बाई, गिळली. आता काय पोटात दिवा लावून बघणार आहेस?"

"लावला असता, सोय असती तर."

तो उठला. "हात धुऊन येतो," म्हणाला आणि मागच्या दाराने बाहेर गेला. दाराची कडी वाजली. तो जाताना, ताटं उचलता उचलता बायकोने त्याची चाल न्याहाळली होती. डावा पाय किंचित ओढतोय का? नाही. कालच्यासारखाच आहे. मग पाठ वाकली आहे का? तिचं हे असं चोवीस तास चालायचं.

त्यात तिचाही दोष नव्हता म्हणा. तिचा धंदाच खोट शोधण्याचा. ती कारखान्यात माशाच्या तेलाच्या कॅप्सूल तपासायची. खालून उजेड असलेल्या टेबलावरून पिवळ्याधमक कॅप्सूल घरंगळत यायच्या. त्यातली गळकी, बुडबुडा धरलेली, दुसरीला चिकटलेली कॅप्सूल ती नेमकी उचलून बाजूला टाकायची. तिथे तिला सगळे दुर्बीण म्हणत. आकार वाकडा झालेल्या, पण न गळणाऱ्या कॅप्सूल कामगारांना घरी न्यायची मुभा होती. तेल तेच, रूप तेवढं बिघडलेलं.

मागल्या हिवाळ्यात किल्लीवाल्याला ताप चढला आणि दोन दिवसांत त्याचं बोलणंच फिरलं. किल्लीला चमचा म्हणाला, चमच्याला पाऊस. तिसऱ्या दिवशी बायकोकडे बघून त्याने मोठ्या अदबीने विचारलं, "आपण कुणाकडच्या?" तिने त्याला तसंच दवाखान्यात नेलं. तिथे कळलं, मेंदूला सूज आली होती. इंजेक्शनं झाली, सूज ओसरली, माणूस घरी आला. पण डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं होतं, "ही सूज परत येऊ शकते. लवकर कळलं तर आवरता येते. बारीकसारीक काही बदललं तरी लगेच घेऊन या."

झालं! दुर्बिणीला हे सांगायला नको होतं. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. रात्रीतून चारदा उठून ती त्याचा श्वास ऐकायची. त्याला भाजीचं नाव आठवायला क्षणभर लागला, तर हिच्या हातातली पळी खाली पडायची.

कॅप्सूलची कल्पना कारखान्यात टेबलापलीकडे बसणाऱ्या काकींनी तिच्या डोक्यात घातली. "अगं, हे तेल सुजेवर चांगलं म्हणतात. डब्यावरच लिहिलंय, मेंदूसाठी." दुर्बीण तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"डब्यावर काय, काहीही लिहितात," बाई म्हणाल्या. "काही अभ्यासांत सूज थोडी कमी झालेली दिसते, काहींत काहीच फरक पडत नाही. यांच्या आजारावर तर पक्का पुरावाच नाही. अधूनमधून दिलीत तर माझी हरकत नाही. पण मी लिहून दिलेली सकाळची गोळी चुकता कामा नये."

तिने त्यातलं 'कमी झालेली दिसते' एवढंच उचललं. बाकीचं सगळं बाजूला टाकलं. कॅप्सूल तपासायला बसली असती तर अशी चूक तिने कधी केली नसती.

रोज संध्याकाळी जेवणानंतर एक कॅप्सूल सुरू झाली. आणि काय सांगावं, किल्लीवाला खरंच सुधारला! शब्द परत आले. शेजाऱ्याचं अडकलेलं कुलूप त्याने बसल्या बैठकीत उघडून दिलं. बायकोला चिडवणंही पहिल्यासारखं सुरू झालं. दुर्बिणीने कारखानाभर डंका पिटला. "आमच्या तेलाची करामत आहे, दुसरं काही नाही!"

मग एके संध्याकाळी तो टॉवेल विसरून हात धुवायला गेला. टॉवेल घेऊन ती मागे गेली आणि दाराआडच थबकली.

किल्लीवाला पायरीवर बसला होता. त्याने गालात बोट घातलं, कॅप्सूल बाहेर काढली, दातांनी फोडली, तोंड वाकडं केलं आणि ती पायरीवर ठेवली. गल्लीतला काळा बोका तयारच होता. "चाट लेका, पटकन चाट," किल्लीवाला कुजबुजला. "आमची दुर्बीण यायच्या आत." उजेडात बोक्याची पाठ काय चकाकत होती! एवढा गुटगुटीत बोका साऱ्या गल्लीत नव्हता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे इतके महिने हिने डोळ्यांत तेल घालून गोळ्या निवडल्या आणि तेल गेलं बोक्याच्या पोटात! ती ओरडणार, एवढ्यात तिच्या मनात आलं, बायकोला न ओळखणारा हा माणूस. आता रोज न विसरता गोळी गालात धरतो, जीभ उचलून दाखवतो, हात धुवायचा बहाणा करतो, वर बोक्याशी संधान बांधतो. आजारी डोक्याला जमेल का हे? तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणीच आलं. टॉवेलचा बोळा तोंडात कोंबून ती आत पळाली.

दुसऱ्या दिवशी तिने सकाळच्या गोळीवर डोळा ठेवला. ती मात्र तो इमानाने गिळत होता. तिने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. "मग फसवू द्या की! माझ्या तपासणीपेक्षा ही बरी. जोवर फसवताहेत तोवर काळजी नाही."

तेव्हापासून दुर्बीण रोज संध्याकाळी मन लावून फसून घेऊ लागली. आ करा, जीभ दाखवा, सगळं साग्रसंगीत. मग ताटं उचलत ती कान देऊन थांबायची. मागच्या दाराची कडी वाजली की तिचा जीव भांड्यात पडायचा. त्या आवाजावर तिला रात्रीची झोप लागायला लागली.

असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी तिने नेहमीसारखी कॅप्सूल त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती तोंडात टाकली, वर पाणी प्यायला. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

"आ करा."

त्याने आ केला. तिने आज पहिल्यांदाच बोटाने त्याचा गाल चाचपला. गाल रिकामा होता.

"गिळलीत?"

"तू दिलीस ना," तो शहाण्या मुलासारखं म्हणाला आणि बसून राहिला.

तिने ताटं उचलली. परत खाली ठेवली. "हात धुवायचे नाहीत का?"

"धुतले की."

त्याची बोटं खरकटी होती. मागच्या दारावर नखं खरडल्याचा आवाज आला.

"कोण आहे गं बाहेर?"

"बोका आहे."

"कुणाचा?"

तिने त्याची बोटं ओल्या फडक्याने पुसली, एकेक करून. त्याच्या पायांत चपला सरकवल्या, अंगावर शाल टाकली.

"चला. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येऊ."

"आत्ता? का?" तो कावराबावरा झाला. "गोळी तर घेतली की मी!"

"घेतलीत हो," ती म्हणाली. "म्हणूनच."

बाहेर पडताना तिने मागचं दार उघडलं, डबीतली एक वाकडी कॅप्सूल दातांनी फोडून पायरीवर ठेवली. मग नवऱ्याचा हात धरून ती रस्त्याला लागली.