पहिलं हसू माईचं

मेलेल्या माणसाला वाईट म्हणू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी विनोदसम्राट फिरकीमास्तरांशी संसार केलेला नसतो. माईने केला होता, आणि मास्तर जाऊन वर्ष उलटलं तरी तिच्या तोंडून त्यांच्यासाठी एक बरा शब्द निघाला नव्हता.

मास्तरांच्या पहिल्या विनोदाला लोक कधीच हसत नसत. आधी शेजाऱ्याकडे बघत. कोणाला तरी सुरुवात करावी लागते. ते कोणीतरी म्हणजे माई. मास्तर तिला मुद्दाम मधल्या रांगेत बसवायचे. तिचं हसू आधी नाकात अडकायचं, हुंदका दाबावा तसं. खांदे हलायचे आणि मग एकदम फुटायचं. पाठोपाठ अख्खं नाट्यगृह फुटायचं. पेपरात कौतुक छापून यायचं ते मास्तरांच्या हजरजबाबीपणाचं. माईला जागा होती ती त्यांच्या विनोदात. ‘आमची ही’ म्हणजे कजाग, खादाड, संशयी बाई. स्वतःच्या बेअब्रूवर सगळ्यांच्या आधी आपणच हसायचं, ही नोकरी तिने बिनपगारी केली. मग एका दुपारी मास्तरांना दुसरी सापडली आणि माईची ट्रंक दाराबाहेर आली. ट्रंकेशेजारी माई, आणि तिचं बोट धरून बाळ्या.

बाळ्याला तिने लोकांचे कपडे शिवून वाढवलं. आणि झाला कोण? नट! नाक बापाचं, चाल बापाची, आणि आता तर खेळही बापाचाच: ‘मास्तर पुन्हा रंगमंचावर’. खाण तशी माती, दुसरं काय.

रंगीत तालमीला माईने दुसरा अंक बघितला. त्यात ‘आमची ही’ झालेली, भडक कपड्यांतली एक बाई हातात केरसुणी घेऊन मास्तर झालेल्या बाळ्यालाच ट्रंकेसकट घराबाहेर काढत होती, वर लेकरूही हिसकावून घेत होती. तालीम संपल्यावर माई मेकअपच्या खोलीत गेली.

“बाळ्या, ट्रंक मी नव्हती रे फेकली.”

“अगं आई, नाटक आहे ते. बाबांनी मुलाखतींत हेच सांगितलंय, लोकांना हेच माहीत आहे. मेलेल्या माणसाला आता कशाला खोटं पाडायचं?”

“जिवंत बाईला पाडलेलं चालतं?”

आरशात बघत तो मिशी काढत होता. मग लाडात येऊन म्हणाला, “उद्या शुभारंभाला मधल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवलीय. पहिलं हसू तुझंच हवं, आई. तुझ्याशिवाय मला जमायचं नाही.”

माईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाने मात्र म्हणाली, “येते की. मी नसून कसं चालेल?”

पहिल्या अंकात तिने कामात कसूर केली नाही. प्रत्येक विनोदाला अचूक जागी हसली. ‘आमची ही’वरसुद्धा हसली. थोड्याच वेळात लोकांना तिची सवय लागली. तिचे खांदे हलले की मागची रांग आधीच तोंड उघडून तयार. विंगेतून बाळ्याने कौतुकाने तिच्याकडे बघितलं. बघ रे, बघून घे, माई मनात म्हणाली.

दुसऱ्या अंकात केरसुणीवालीने मास्तरांना बाहेर काढलं आणि ती लेकराला घेऊन घरात निघून गेली. व्हायोलिन रडायला लागलं. मास्तर एकटे ट्रंकेवर बसले. “जा, सुखी राहा,” ते कापऱ्या आवाजात म्हणाले, “पण माझा बाळ तेवढा अधूनमधून दाखवत जा गं...”

नाट्यगृहात रुमाल निघाले. माईच्या नाकातून आवाज आला आणि तिचे खांदे हलले. शेजारच्या बाईंना वाटलं, बिचारी रडते आहे. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. आणि माई फुटली.

मागची रांग फुटली, पुढची फुटली. हुंदके दाबून बसलेली माणसं पोट धरायला लागली. बाळ्या थांबला, पुन्हा म्हणाला, “माझा बाळ...” आणि छप्पर उडेल इतका मोठा हशा आला. माईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा मनापासून हसत होती.

बाळ्याने मधल्या रांगेकडे बघितलं.

“आई, थांब ना गं!”

त्यावर तर लोक लोळलेच. माई मात्र हसायची थांबली आणि उभी राहिली. तिच्यापाठोपाठ हळूहळू सगळे थांबले.

“ट्रंक कोणी बाहेर ठेवली, बाळ्या?”

तो विंगेकडे बघू लागला. तिथून कोणी वाक्य सांगेना. व्हायोलिनवाल्यानेही हात आवरला होता. बाळ्याने डोक्यावरचा विग काढून मांडीवर ठेवला.

“बाबांनी,” तो म्हणाला. “मी तिथेच होतो. आईचं बोट धरून.”

कोणी हसलं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. शेजारच्या बाईंनी हात कधीच काढून घेतला होता. वर उजेडात, बापाची अर्धी सुटलेली मिशी लावून, तिचा मुलगा लहानपणी रडायचा तसा तोंड उघडं टाकून रडत होता.

माईला त्याची दया यायला हवी होती. येईलही उद्या, तिने स्वतःला सांगितलं. आज नाही. ती खाली बसली, पाठ खुर्चीला टेकली आणि पडदा पडेपर्यंत बघत राहिली.