जाकिटावरची अक्षरे

"ताट सोडून उठू नकोस, एर्मेते. फोन त्यांचाच असणार," लोरेदाना म्हणाली.

फोन त्यांचाच होता. बुटांच्या कारखान्याचे मालक आणि फुटबॉल क्लबाचे अध्यक्ष तार्चीझिओ फोल्या साखर पेरत बोलत होते. "तू घरचा माणूस. झालं गेलं विसर आणि उद्यापासून ये बघू."

नोव्हेंबरात याच घरच्या माणसाला त्यांनी कचेरीतल्या मुलीकरवी निरोप धाडून काढले होते. काढले ते मैदानावरून, करारातून नव्हे. करार जूनपर्यंतचा, पगार चालू, आणि नवा प्रशिक्षक फसला की जुन्याला परत बोलवायचे, ही तर आमच्या क्लबांची पुरातन रीत. नवा फसला होता. संघ तळाला, खालच्या श्रेणीत घसरायच्या बेतात होता आणि हंगाम सरत आला होता.

"तू नकोयस त्यांना," लोरेदाना म्हणाली. "बुडताना कुणाचं तरी नाव लावायला हवंय. तुझा पगार तसाही चालू आहे, फुकटात पडतोस."

"आणि संघ वाचला तर?"

"नाही वाचला तर? इतकी वर्षं कप्तान होतास, गुडघा तिथेच मोडून घेतलास. ते सगळं पुसलं जाईल. ह्यानं खाली नेलं, एवढंच म्हणतील."

पावाच्या तुकड्याने एर्मेतेने ताट स्वच्छ पुसले. सामन्याच्या दिवशी तो असाच पुसत असे. हा जाणार, हे तिला तेव्हाच कळले.

दुसऱ्या दिवशी सामानाच्या खोलीत नेल्लो ब्लेडचे पाते घेऊन बसला होता. कपडे आणि बूट सांभाळण्यात त्याची हयात गेली होती. प्रशिक्षकाच्या, म्हणजे आमच्याकडच्या 'मिस्टर'च्या, जाकिटावर छातीशी त्याच्या नावाची आद्याक्षरे शिवलेली असतात. नेल्लो ती उसवत होता.

"या मिस्टर! तुमची काढून त्याची लावली, आता त्याची काढून तुमची. मी काय शिंपी आहे?"

"नवं जाकीट मागव की."

"मागवलं तर फोल्या मला विकतील." नेल्लोने दोरा तोडला आणि वर न बघता म्हणाला, "एक सांगू? पुढच्या वर्षीचा मिस्टर ठरलाय, दुसराच कोणी. त्याचं माप आलंय. तुमचंच माप, म्हणजे हेच जाकीट."

आपली अक्षरे शिवून होताच एर्मेतेने जाकीट चढवले आणि तो मैदानात गेला.

माणसाने जाणूनबुजून फसावे, याला मूर्खपणा म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या मैदानावर आपले तारुण्य खर्ची पडले ते केवळ दुसऱ्याच्या कपटापायी सोडून द्यावे, यात तरी कोणते शहाणपण? त्याने संघ उभा केला. दोन सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला. शेवटच्या दिवशी वाचण्यासाठी एक गोल हवा होता. झाला तो समोरच्यांचा.

शिट्टी झाली तेव्हा फोल्यांची खुर्ची केव्हाच रिकामी झाली होती. गोलमागच्या कट्टर चाहत्यांनी रिवाजाप्रमाणे संघाला कुंपणाच्या जाळीपाशी बोलावले. हरलेल्यांनी मान खाली घालून जायचे, शिव्या ऐकायच्या आणि मागितले तर शर्ट उतरवून द्यायचे. एर्मेते सर्वांच्या पुढे चालला.

जाळीवर चढलेला ग्वाल्तिएरो खाटीक ओरडला, "शर्ट काढायला सांग पोरांना! लायकी नाही त्यांची!"

"पोरांचे नाही. माझं जाकीट घ्या."

"तुझं?" ग्वाल्तिएरो हसला. "तुझं काय करू? तुला तर ते परत हाकलणारच आहेत. घरी जा, म्हाताऱ्या, थंडी बाधेल."

मागे हशा उसळला. याच ग्वाल्तिएरोने एके काळी दुकानाच्या दारावर एर्मेतेचे चित्र रंगवून घेतले होते. एर्मेतेने जाकीट काढले, जाळीवर अडकवले आणि पोरांना घेऊन तो आत गेला. जाकिटाला कोणी हात लावला नाही.

सकाळी तो आपले बूट न्यायला आला. दवाने भिजलेले जाकीट मांडीवर घेऊन नेल्लो ब्लेडचे पाते शोधत होता. एर्मेतेला पाहून तो ओशाळला.

"फोल्यांचा निरोप आलाय, मिस्टर. नवा दुपारी येतोय. त्याचा जाकिटातला फोटो काढायचाय."

"मग बसलायस काय? कर."

नेल्लोने पाते टेकवले. त्याच त्या जागी वारंवार उसवून कापड विरले होते.

"थांब, फाडशील," एर्मेते म्हणाला. स्टूल ओढून तो समोर बसला आणि त्याने छातीवरचे कापड दोन्ही हातांनी ताणून धरले.