दोन बोटांचं अंतर

खस्स.

शर्टाच्या बाहीचा तो आवाज ऐकून कितीतरी वर्षं लोटली, पण माझ्या अंगावरून तो अजून गेलेला नाही. मी बांबूउडीची आडवी दांडी बोलतेय. दोन खांबांच्या मध्ये, हलक्या खुंट्यांवर मला नुसतं टेकवून ठेवतात. कुणी अलगद पार झालं तर मी जागची हलत नाही, धक्का लागला तर पडते. सगळा न्याय माझ्या पडण्यावर. मात्र बोलायचं ते पंचकाकांनी, मला कोण विचारतो?

कारखान्यातून आले तेव्हा मी सरळसोट होते. पुढे पडून पडून, उन्हातान्हात राहून मधोमध जराशी वाकले. माझी टोकं चौकोनी, त्यामुळे कशीही ठेवली तरी बसते. पण वाकलेलं पोट खाली असलं तर उंची बरोबर, वर असलं तर दोन बोटं जास्त. म्हणून काकांनी माझ्या पोटावर लाल ठिपका रंगवला. ठिपका खाली ठेवून उंची मोजायची, आणि मी पडले की परत तशीच ठेवायची.

काका पेशाने सुतार. तरुणपणी स्वतः बांबू घेऊन उडालेले. शिकाऊ पोरांची उडी ते माझ्याकडे न बघताच जोखायचे. हात पोलवर कुठे आहेत, धाव अडखळते का, भीतीने डोळे मिटतात का, एवढंच बघायचे. एकदा एक गुबगुबीत मुलगी मला आणि हातातल्या पोललाही घेऊनच गादीवर आदळली आणि ओरडली, "काका, उडले ना मी?"

"उडलीस की! पण पोल मध्येच सोडायचा असतो गं, त्याला घरी नाही न्यायचं."

या पोरांच्या वेळी ठिपका कुठे आहे हे कुणी बघत नसे. मधल्या गटात काका उडी घेणारा पाय बघायचे. वरच्या गटात मात्र फक्त मला. तिथे मेहनत, धाडस, वय काही धरत नाहीत. दांडी राहिली की पांढरं निशाण, पडली की लाल.

गुबगुबीत मुलीची ती गंमत झाली त्याच दिवशी दुपारी वरच्या गटाची निवड होती. एकाच मुलीला बाहेरगावच्या केंद्रात राहून शिकायला मिळणार होतं, आणि शेवटी दोघीच उरल्या होत्या. त्यातली एक टिटवी. पाय काटकुळे म्हणून काकांनीच ठेवलेलं नाव. मावशीच्या शिवणाच्या दुकानात वाढलेली. "या खेपेला नाही जमलं तर मुकाट्याने मशीनवर बसायचं," असं मावशीने तिला बजावलं होतं.

दुसऱ्या मुलीच्या धक्क्याने मी पडले. काका आणि रखवालदार मला काठ्यांनी उचलायला आले. काका सकाळच्या मुलीची नक्कल करून दाखवत होते, रखवालदार पोट धरून हसत होता. सकाळभर ठेवत होते तशीच त्यांनी मला ठेवली. ठिपका आभाळाकडे.

टिटवीची ती शेवटची उडी. ती धावली, उठली, माझ्यावर आली. तेवढ्यात काकांनी खालून वर बघितलं आणि त्यांचं हसू मावळलं. खालून एरवी दिसणारा ठिपका दिसत नव्हता. तिचे पाय गेले, कंबर गेली, छाती गेली. आणि खस्स. मी खुंटी धरून ठेवायला बघत होते हो, पण मला हात कुठे आहेत?

मांडणी चुकली असेल तर उडी पुन्हा देतात. काकांनी फक्त हात वर करून सांगायचं होतं. निवड करणारे सगळे समोर बसले होते. काकांनी हात वर केला, पण त्यात लाल निशाण होतं.

मग त्यांनी मला गुपचूप नीट ठेवलं. दुसरी मुलगी पार झाली.

काकांनी त्यानंतर वरच्या गटाचं काम सोडलं. डोळ्यांना कमी दिसतं म्हणाले. अर्ध्या मैदानावरून पोराची चुकलेली पकड ओळखणारे ते डोळे!

टिटवी मशीनवर बसली. बऱ्याच वर्षांनी ती संध्याकाळी शिकाऊ पोरांना शिकवायला येऊ लागली. तोवर मोठ्यांसाठी नवी दांडी आली होती आणि मी शिकाऊंकडे आले होते. ती पोरांना सांगायची, "कोपर आत घ्या रे. माझं कोपर बाहेर राहिलं, म्हणून माझं सगळंच राहून गेलं." हे ऐकलं की बाकावरचे काका वाकून बुटाची नाडी बांधायला लागायचे. नाडी सुटलेली नसायची.

आता माझी टोकं झिजली आहेत. फार दिवस राहिलेले नाहीत. एवढंच मागते, मला ठेवल्यावर एकदा खालून वर बघत जा. पोर लहान असो की मोठं.

काल टिटवीने मला खांबांवर ठेवलं. काका उठले आणि ठिपका खाली यावा म्हणून काठीने मला फिरवून ठेवू लागले.

"राहू द्या हो काका. शिकाऊंना काय फरक पडतो?"

"पडतो गं. दोन बोटं."

"दोन बोटं?" ती हसली. "मला तेवढी मिळाली असती ना, तर..."

आणि थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे.

"त्या दिवशी ठिपका कुठे होता, काका?"

काकांनी काठी खाली टेकवली. "वर."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू हवेत होतीस तेव्हा."

"ताई, माझी पाळी!" एक पोर ओरडलं. कुणी लक्ष दिलं नाही.

"पोरी," काका म्हणाले, "तुझं कोपर बरोबर होतं."

टिटवीने गळ्यातली शिट्टी काढून बाकावर ठेवली. पोल धरून उभ्या असलेल्या पोरांकडेही तिने बघितलं नाही. ती फाटकातून निघून गेली.