वाळवीच्या हातातला रीडर

सोमवारी सकाळी अकरा वाजता, तास संपल्याची घंटा होत असताना, सातवीतल्या एका मुलीने मला वाचन तुकडीच्या सरांच्या टेबलावर ठेवले. "सर, हा परत घ्या," ती म्हणाली. सरांनी कारण विचारले. "नकोय," एवढेच उत्तर देऊन ती आपल्या बाकावर जाऊन बसली. आदल्या शनिवारी सगळ्या शाळेसमोर तिच्या वाचनाचे कौतुक झाले होते.

मित्रांनो, मी त्या शाळेतला एक जुना ई-बुक रीडर. पाटीएवढा, करड्या पडद्याचा, एका कोपऱ्यावर चरा पडलेला. माझ्यात पुस्तके भरता येतात आणि पडद्यावर बोट टेकवले की पान उलटते. माझ्यावरून फोन लागत नाही, खेळ खेळता येत नाहीत. वाचणे सोडून माझा काही उपयोग नाही. म्हणून लोकांना वाटते, कोण वाचतो आणि कोण वाचत नाही हे मला सर्वांआधी कळत असेल. तसे नाही. ते कसे, तेच सांगतो.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायका सरकत्या पट्ट्याशेजारी ओळीने बसत. एकीने पडदा बसवला, दुसरीने पाठ लावली, तिसरीने कडेवरून बोट फिरवून फट राहिली नाही ना ते पाहिले. त्यांच्यापैकी कोणी माझ्यात एक ओळही वाचली नाही. तेवढी उसंतच नव्हती. मग खोका, अंधार, ट्रकचे हादरे, आणि झाकण उघडले तेव्हा समोर शाळेच्या ग्रंथपाल बाई.

मला आणण्याची खटपट बाईंचीच. प्रत्येक वर्गात एखादे मूल असे असते की वर्गासाठी आलेल्या पुस्तकांचा ते बघता बघता फडशा पाडते आणि मग खिडकीबाहेर बघत बसते. अशांना द्यायला वाचनालयात काही नव्हते. बाईंचे म्हणणे, त्यांना रीडर द्यावेत. वयापुढची पुस्तके त्यात भरता येतील, अडलेल्या शब्दाला बोट लावले की अर्थ दिसेल, आणि कोण केवढे जाड पुस्तक वाचतो हे शेजारच्याला कळणार नाही.

"हुशार मुलांचं काय, ती आपली आपण शिकतात," मुख्याध्यापक म्हणाले होते.

"उपाशी माणूसही आपला आपण बारीक होतो, सर," बाई म्हणाल्या.

आम्ही आलो. सुरुवातीला आमचे फार लाड झाले. बाईंनी आम्हाला कापडी पिशव्या शिवल्या. पाहुणे आले की आमच्यासोबत फोटो काढत. एका पाहुण्यांनी तर मला उलटे धरून "वा, छान आहे" म्हटले. वर्गापुढचे वाचणाऱ्या मुलांची एक वाचन तुकडी झाली, आणि ती मुले मला आळीपाळीने घरी नेत. त्या दिवसांबद्दल माझी तक्रार नाही. पुढे फोटो थांबले, पिशव्या मळल्या, आणि बॅटरी लवकर उतरू लागली. रीडरचे म्हातारपण लवकर येते.

त्याच सुमारास ती मुलगी माझ्या वाट्याला आली. आई कामासाठी दुसऱ्या गावी, म्हणून ती मामाकडे राहायची. मामाचे किल्ल्या करून देण्याचे छोटेसे दुकान होते. भिंतभर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, मधोमध किल्ली कापायचे यंत्र, आणि यंत्राच्या पलीकडे एक बाकडे. शाळा सुटली की ती त्या बाकड्यावर पाय वर घेऊन वाचत बसे. यंत्र किरकिरले की पितळेचा कीस माझ्यावर उडे. ती फुंकर मारून पुढची ओळ वाचे. पुस्तके फस्त करते म्हणून मामाने तिचे नाव 'वाळवी' ठेवले होते, आणि ते शाळेपर्यंत पोचले होते.

तिची वाचायची रीत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. ती शब्दांना बोट लावायची, पण न समजणाऱ्या शब्दांना नव्हे. चांगले माहीत असलेले साधे शब्द ती उघडून बघायची, त्यातून दुसऱ्या शब्दाकडे जायची, तिथून तिसऱ्याकडे, आणि बऱ्याच वेळाने गोष्टीत परत यायची.

"काय गं वाळवे," मामाने एकदा डोकावून विचारले, "'वाट'चा अर्थ बघतेस? एवढंही येत नाही तुला?"

"येतं रे. पण बघ ना, वाट चालायची, वाट बघायची, कुणाच्या वाटेला जायचं नाही. एवढ्याशा शब्दाला किती कामं."

"आणि गिऱ्हाईक उभं असताना मामाच्या धंद्याची वाट लावायची, ते दिलंय का त्यात?"

"दिलंय. खाली तुझं नावही आहे."

मामा हसला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

आता वाचन तुकडीच्या सरांविषयी. हे सर आळशी नव्हते, वाईट तर नव्हतेच. कोणत्या मुलाने किती वाचले आणि किती शब्दांना बोट लावले, ते माझ्याकडून रोज त्यांच्या संगणकावर जाई. वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी त्यांनी पूर्वी एक नियम बसवला होता. फार शब्दांना बोट लागले, तर पुस्तक जड आहे, एक पायरी सोपे द्यायचे. बोट कमी लागले, तर एक पायरी वर. त्या मुलांचे या नियमाने खरोखर भले झाले होते. म्हणून सरांनी तोच नियम वाचन तुकडीलाही लावला.

पहिल्याच आठवड्यात वाळवीचे पुस्तक बदलले. समुद्रावरच्या प्रवासाचे भले मोठे पुस्तक अर्ध्यावर माझ्यातून गेले आणि धाकट्या मुलांसाठी केलेले बारके पुस्तक आले. तिने ते एका बैठकीत संपवले. करायला काही उरले नाही, म्हणून त्यातल्या प्रत्येक शब्दात शिरून आली. सरांनी आकडा पाहिला आणि तिला आणखी एक पायरी उतरवले.

"जड जात होतं ना?" त्यांनी प्रेमाने विचारले.

"नाही सर. समजत होतं."

"सगळे असंच म्हणतात. लाजायचं नाही. पाया पक्का करू आपण."

मित्रांनो, ती जितकी खोल वाचत गेली, तितकी पुस्तके उथळ होत गेली. शेवटी माझ्यात आले ते तळ्यावर निघालेल्या बदकाच्या पिल्लाचे पुस्तक. पानाला एक वाक्य, बाकी चित्र. मागच्या बाकावरून कोणी तरी डोकावले. मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला कळले.

"वाळवीचे दात पडले," एक मुलगा म्हणाला. मुले बराच वेळ हसली. तिने मला पिशवीत घातले आणि पिशवीची नाडी ओढून गाठ मारली.

मामा शाळेत गेला. दुकान बंद करून, हात धुऊन, स्वच्छ शर्ट घालून गेला. सरांनी त्याला खुर्ची दिली, संगणकावरची खाली उतरत जाणारी रेघ दाखवली, न कंटाळता समजावून सांगितले.

"पण सर, ती माझ्यासमोर बसून वाचते. मी रोज बघतो."

"तुम्ही बघता, मामा. यंत्र मोजतं."

मामा मोजून-मापून काम करणारा माणूस. आकडा म्हटल्यावर तो उठला. घरी जाताना त्याने तिला एवढेच सांगितले, "कशाला दाबतेस गं ते शब्द? नको दाबूस. ते म्हणतात तसं कर, पुस्तकं परत मिळतील."

तिने ऐकले. त्या दिवसापासून तिने एकाही शब्दाला बोट लावले नाही. संगणकावरची रेघ वर चढू लागली. पिल्लू गेले, बारकी पुस्तके गेली, महिना सरायच्या आत समुद्राचे पुस्तक माझ्यात परत आले. पण आता पान उघडे असताना ती मामाशी बोलत असे, यंत्राकडे बघत असे, आणि मधून मधून बोट पुढे करून पान उलटत असे. बोट नेमाने पडे. माझ्याकडून जायचे ते आकडे गेले: एवढी पाने झाली, शब्द एकही अडला नाही. तुकडीतल्या कोणाचीही रेघ इतकी सरळ वर गेली नव्हती. शनिवारी सरांनी तिला पुढे बोलावले. टाळ्या झाल्या. सोमवारी तिने मला परत केले, ते तुम्ही वर वाचलेच.

दुपारी ग्रंथपाल बाईंनी तिला वाचनालयात बोलावले. सरही तिथे होते.

"समुद्राच्या पुस्तकात शेवटी त्या नावाड्याचं काय होतं गं?" बाईंनी सहज विचारले.

"माहीत नाही."

"पूर्ण झालंय ना तुझं?"

"पानं झाली, बाई."

सर खुर्ची ओढून बसले. "मग आधी एवढे शब्द कशाला बघत होतीस?"

"आवडायचे," ती म्हणाली, आणि तासाची घंटा झाली म्हणून निघून गेली.

सरांनी त्याच दिवशी वाचन तुकडीवरचा नियम काढला. संगणकावर तो बदलायला एक कळ दाबावी लागते, तेवढेच काम होते. मंगळवारी त्यांनी वर्गात जाऊन तिला सांगितले, "चूक माझी होती. तुला हवं ते पुस्तक घे, हवे तेवढे शब्द बघ." "बघते सर," ती म्हणाली. बुधवारी ती वाचनालयाच्या दारावरून दोनदा गेली. आत आली नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसून, झाकून ठेवा, पाण्यापासून जपा, असे मी सांगायला हवे. ते कराच. पण आमच्यापेक्षा नाजूक वस्तू आमच्या पडद्यासमोर बसलेली असते. तिच्याबद्दल काही जाणून घ्यायचे असेल, तर आमच्या आकड्यांवर थांबू नका. गोष्ट काय होती, ते तिलाच विचारा. आणि ती सांगेल तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवा. विश्वास नंतर ठेवला तर तो पोचेलच असे नाही.

गुरुवारी संध्याकाळी बाई मला पर्समध्ये घालून मामाच्या दुकानात गेल्या. निमित्त कपाटाच्या किल्लीचे. बाकड्यावर ती कानशीने एका किल्लीचे दाते घासत होती. "सध्या हेच," मामा हलक्या आवाजात म्हणाला. "हात चांगला बसलाय. पुस्तकाचं नाव काढलं की उठून जाते. मीच सांगितलं होतं हो तिला, दाबू नको म्हणून."

बाईंनी माझ्यात समुद्राचे पुस्तक उघडले, पहिले पान लावले आणि मला तिच्याशेजारी बाकड्यावर ठेवून त्या झालेली किल्ली घेऊन गेल्या.

तिने कानशी खाली ठेवली. मला मांडीवर घेतले. माझ्या पानाकडे ती बराच वेळ बघत होती. तिने एकाही शब्दाला बोट लावले नाही. पानही उलटले नाही. ती वाचत होती की नुसती बघत होती, हे मला सांगता येणार नाही. थोड्या वेळाने, कोणी हात लावला नाही की होते तसा, माझा पडदा आपोआप मिटला. मी अजून तिच्या मांडीवर आहे. पडदा मिटलेलाच आहे.