धाकटी बॅटरी आणि शेवटचे सात आकडे

खरं तर हे मी सांगायचं नाही. आमच्या बोटीवर तसं ठरलंय. पण ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं, आणि बॅटरी बोलेल अशी शंकाही कुणाला आली नव्हती. म्हणून सांगते. मी बोटीवरची धाकटी बॅटरी बोलतेय.

माझा जन्म कारखान्यातला. शिशाच्या पट्ट्या, आम्लाचं पाणी आणि वर काळी पेटी, एवढीच मी. दुकानदाराने मला बाबांच्या हातात दिलं तेव्हा बजावलं होतं, "हिला अर्ध्याच्या खाली उतरू देऊ नका. अर्धी उरली की थांबायचं." बाबांनी मान हलवली. दुकानात सगळेच मान हलवतात.

माझी जागा खोलीतल्या बाकाखाली. पलीकडे, इंजिनाच्या पायाशी, माझी थोरली बहीण बसते. तिला काम एकच. इंजिन सुरू करताना तीन सेकंद सगळा जोर लावायचा. मग इंजिनच तिला पुन्हा भरतं. उरलेला दिवस ती आरामात. बाकी सगळं माझ्या गळ्यात: दिवे, पाण्याचा पंप, रेडिओ आणि गेल्या वर्षापासून कॉम्प्युटर.

हा कॉम्प्युटर घडी घालायचा नाही. एका बंद पडलेल्या ऑफिसातला, डबा आणि पडदा वेगळे असलेला. लाटेने घसरू नये म्हणून आईने त्याला पट्ट्याने टेबलाशी बांधलंय. त्याच्या पोटात स्वतःचं काही नाही. मी थांबले की तोही त्याच क्षणी थांबतो. त्याला घरातल्यासारखी वीज लागते, म्हणून आमच्यामध्ये इन्व्हर्टर आहे. तो दिवसभर बारीक शिट्टी वाजवतो, आणि माझ्यातलं थोडं स्वतःच खातो. मी दमले की चिडून टीं-टीं करतो.

टपावर सोलर पॅनल आहे. ऊन असलं की माझं पोट भरतं. ढग आले की घरात काटकसर सुरू होते. "पडद्याचा उजेड कमी कर." "पंखा कुणी लावलाय?" "मोबाइल लावलाय का कुणी चार्जिंगला? काढा तो आधी!"

आई-बाबांचं काम खाडीचा तळ मोजण्याचं. बाबा छोट्या होडीतून वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडतात, ओरडून आकडा सांगतात, आई तो वहीत लिहिते. मग कॉम्प्युटरवर नकाशा काढते. पुढच्या हंगामात प्रवासी बोटी कुठून जातील, ते त्या नकाशावर ठरतं.

त्यांची मुलगी मनी. खरं नाव वेगळं आहे, पण मांजरीसारखी आवाज न करता वावरते म्हणून मनी. तिचं बोलणं ऐकायला बाबांना रेडिओ बंद करावा लागे.

आता थोरलीच्या आणि माझ्यामधल्या कळीबद्दल, म्हणजे फिरवायच्या स्विचबद्दल, सांगायला हवं. तिला चार खुणा आहेत. थोरली, धाकटी, दोन्ही, बंद. नांगर टाकला की कळ 'धाकटी'वर. इंजिन सुरू करताना 'थोरली'वर. आणि इंजिन बंद असताना 'दोन्ही'वर कधीच नाही. कारण दोघी जोडल्या की रिकामी बहीण भरलेलीला पिऊन टाकते. मी हे अभिमानाने सांगत नाहीये. आमची जातच तशी.

त्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत नकाशा धक्क्यावरच्या कचेरीत द्यायचा होता. उशीर झाला तर जुनाच नकाशा छापला जाणार होता. आणि जुन्या नकाशात वाळूचा नवा दांडा नव्हता. भर वाटेत गुडघाभर पाणी, आणि नकाशात मात्र दोन पुरुष खोल. त्यावरून शंभर माणसांची बोट जाणार होती.

तीन दिवस ढगाळ होते. मी जेमतेम उभी होते. आई-बाबा दांड्याच्या टोकाचे शेवटचे आकडे घ्यायला होडीतून गेले. जाताना आई म्हणाली, "मने, वहीतली दोन पानं टाईप करून ठेव. इन्व्हर्टर ओरडला तर बंद कर, मी आल्यावर बघू."

अर्ध्या तासात इन्व्हर्टर ओरडला. मनीने घड्याळ पाहिलं, उरलेलं पान पाहिलं. मग हळूच खाली वाकली आणि कळ 'दोन्ही'वर नेली.

टीं-टीं थांबलं. दोन्ही पानं पूर्ण झाली. मला इतकं बरं वाटत होतं की बहिणीकडे बघायचं सुचलंच नाही. होडीच्या वल्ह्यांचा आवाज आला तशी मनीने सगळं सेव्ह केलं, कॉम्प्युटर बंद केला आणि कळ जागेवर आणली.

"झालं?" आईने विचारलं.

मनीने मान हलवली.

"शाब्बास! आता हे सात आकडे वाटेत टाकते. चला कप्तान, ओहोटी लागलीये."

बाबांनी कळ 'थोरली'वर नेली, बटण दाबलं. टक. पुन्हा दाबलं. टक.

"स्टार्टर गेला," बाबा म्हणाले.

"बॅटरी तर नाही?"

"थोरली? तिला हात कोण लावतंय! काटा बघ, बारावर आहे." व्होल्ट दाखवणारा तो काटा वर्षभर बारावरच चिकटलेला आहे. "खोलतो स्टार्टर. दोन तास जातील."

"दोन तास? अरे, तीन वाजून गेलेत! तळाला वाळू लागेल तोवर."

"मग काय करू? ढकलू खाली उतरून?"

बाबांनी पान्हे काढले. एक बोल्ट निघाला. दुसरा गंजलेला होता, त्यावर ते तेल सोडत बसले. मनी माझ्या बाकावर बसली होती. तिच्या टाचा माझ्या पेटीवर पुन्हा पुन्हा आपटत होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझ्याकडे तर टीं-टीं करण्यापुरतंही उरलं नव्हतं.

"बाबा," मनी म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही.

"बाबा! स्टार्टर खोलू नका. मी कळ दोन्हीवर ठेवली होती."

पान्हा हवेतच राहिला. "किती वेळ?"

"दीड तास."

बाबांचा चेहरा लाल झाला. "तुला शंभरदा सांगितलंय—"

"नंतर ओरड," आई म्हणाली. "आधी सांग, दोघींत मिळून काही उरलंय का?"

बाबांनी श्वास सोडला. "सगळं बंद करून वीस मिनिटं बसू. थोडा जीव येतो त्यांच्यात. पण एकदाच वापरता येईल. इंजिन नाहीतर कॉम्प्युटर."

"इंजिन सुरू होईल?"

"होईल... कदाचित."

"आणि कॉम्प्युटर?"

"दहा मिनिटं. खात्रीने."

आईने खिडकीतून पाणी पाहिलं. "मग कॉम्प्युटर. तू होडी घेऊन धक्क्यावर जा. ओहोटी नेईल तुला."

"अगं, बोट वाळूत बसेल!"

"बसू दे. पुढच्या भरतीला उठेल. शंभर माणसांची बसली तर?"

वीस मिनिटं कुणी दिवासुद्धा लावला नाही. मग कळ पुन्हा 'दोन्ही'वर गेली, ह्या वेळी बाबांच्या हाताने. आम्ही बहिणींनी होतं नव्हतं ते दिलं. मनीने आकडे वाचले, मोठ्याने, एकेक. आईने ते टाकले, रेष ओढली, नकाशा पेनड्राइव्हवर घेतला. तो बाहेर काढला आणि चार-पाच श्वासांत पडदा काळा झाला.

बाबा पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत बांधून निघाले. थोड्या वेळाने बोटीचा तळ वाळूला टेकला. कपबशा खडखडल्या, सगळं एका बाजूला कललं. आई म्हणाली, "चला, आपण नकाशात नेमके कुठे आहोत, हे तरी आता पक्कं कळलं." मनी हसली, आणि मग रडली.

बाबा पाचला दहा मिनिटं असताना पोचले. कारकुनाने नकाशा उघडून विचारलं म्हणे, "दांडा इतका पुढे आलाय? नक्की?" बाबा म्हणाले, "फार जवळून पाहिलाय." परत आल्यावर त्यांनी सगळ्यांना दटावलं, "हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. तळ मोजणारेच तळाला लागले म्हणून लोक हसतील." मनीला ते ओरडले नाहीत. तिने सांगितलं नसतं तर आपण अजून बोल्टच काढत बसलो असतो, एवढंच म्हणाले.

नवा नकाशा छापला गेला. प्रवासी बोट आता दांड्याला वळसा घालून जाते. तिची लाट आली की मीही बाकाखाली जराशी हलते.

थोरली सावरली. मी नाही; मी तर तीन दिवस आधीपासूनच अर्धपोटी होते. तळापर्यंत रिकामी झालेली आमच्यासारखी बॅटरी पूर्वीसारखी भरत नाही. पूर्वी मी तीन तास कॉम्प्युटर चालवत असे, आता सव्वा तासात दमते. सोमवारी माझ्या जागी नवी येणार आहे. माझं शिसं वितळवून त्याची पुन्हा बॅटरी करतील, त्यामुळे तक्रार नाही. फक्त काटा तेवढा बदला. आणि मनी आता कळीला हात लावण्याआधी ओरडते, टपावरच्या बाबांनाही ऐकू जाईल इतकं. तिच्या त्या आवाजाबद्दल मला नव्या बॅटरीला सांगायचं होतं की घाबरू नकोस, तो आवाज म्हणजे—

"धाकटीवर घेतेय हं! आई, लाव कॉम्प्युटर!"