पालथं पान

हा खेळ आमच्या लाँड्रीत मी आणला, तेव्हा दोष द्यायचाच तर आधी मला द्या. जेवणाच्या सुट्टीत, चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावर मी सगळ्यांना शिकवलं. पहिलं पान पालथं, ते ज्याचं त्यानेच बघायचं. मग एकेक करत चार पानं उघडी. प्रत्येक उघड्या पानानंतर बोली, आणि ज्याची उघडी पानं भारी तो आधी बोलणार. समोरच्याने तेवढंच लावायचं, वाढवायचं, नाहीतर पत्ते टाकून गप बसायचं. शेवटी ज्याची जोडी मोठी त्याचा डाव. तीन सारखी आली तर विचारूच नका. पैसे नाहीत हं! धुताना गळालेली बटणं लावायची, ती बरणीभर साठली होती.

एक नियम मात्र माझा स्वतःचा. नवशिक्याने खेळणाऱ्याच्या मागे बसायचं, त्याचं पालथं पान बघायचं आणि तोंड शिवून ठेवायचं. त्याशिवाय माणसं शिकणार कशी? माझ्यामागे कायम माझी धाकटी बहीण. तिला इथे कामाला चिकटवली तीही मीच.

त्या आठवड्यात सुट्टी एकालाच मिळणार होती. ड्रायव्हरला घर बदलायचं होतं. मला मुलीच्या बाळंतपणाला जायचं होतं. पहिलटकरीण, परकं गाव, नवरा नुसता शामळू. तिथे मी नको? सुपरवायझर म्हणाला, "तुमचं तुम्ही मिटवा."

"काकू, पत्त्यांवर ठरवू," ड्रायव्हर म्हणाला. मी मनात म्हटलं, आयतं सावज! वीस-वीस बटणं घेतली. ज्याची संपतील त्याने सुट्टी सोडायची.

शेवटच्या डावात त्याच्यासमोर सत्तीची उघडी जोडी. माझ्यासमोर राजा, नव्वी, चौकी, दुर्री. पालथा होता गुलाम, म्हणजे हातात शून्य. पण पालथं पान राजा आहे असं त्याला वाटलं की झालं. राजांच्या जोडीपुढे सत्ती काय करणार? माझ्या थापेला घाबरून त्याने आजवर दर वेळी पत्ते टाकले होते. त्याने भीत भीत दोन बटणं सरकवली. मी होती नव्हती ती सगळी लोटली.

"बघतोस कसला? लाव, नाहीतर टाक!"

तो माझ्या पत्त्यांकडे बघतच नव्हता. बघत होता माझ्या खांद्यावरून मागे. मग त्याने सगळी बटणं पुढे ढकलली.

मी गर्रकन वळले. धाकटीची मान नकारार्थी हलत होती. मला बघून थांबली.

गुलाम उलटला. ड्रायव्हरने बटणं गोळासुद्धा केली नाहीत, मान खाली घालून निघून गेला.

"घरभेदी!" मी ओरडले. "केसाने गळा कापलास गं माझा! काय दिलं त्याने तुला?"

"काही नाही. ताई, हळू बोल."

"का हळू बोलू? माझी पोर तिकडे वाट बघतेय!"

"नाही बघत," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर खाली घेतली नाही. "तिनेच सांगितलं मला. मावशी, काहीही कर, पण आईला येऊ देऊ नकोस. तू आलीस की तिला रडायचीसुद्धा चोरी म्हणे. तोंडावर सांगायची तिची हिंमत नाही."

खोटारडी! माझी पोर असं म्हणेल? शक्यच नाही. हिलाच मिरवायचं असेल तिथे, हिला मूलबाळ नाही ना. हे मी तिला तोंडावर बोललेही. ती चादरीची घडी घालायला लागली.

मी तिच्यासमोरच मुलीला फोन लावला. पोर रडेल, तिला काय काय सांगून समजवायचं ते सगळं मनात जुळवून ठेवलं होतं.

"बाळा, मला सुट्टी नाही गं मिळा—"

"अगं असू दे, आई!" ती म्हणाली. "तू अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस."

इतका मोकळा आवाज तिचा मी गेल्या नऊ महिन्यांत ऐकला नव्हता.